मांडीवरचे हात

दाराच्या काचेतून मला मुलीचा चेहरा दिसत नाही. दिसते ती फक्त तिरकी पाठ, आणि बाजूने मांडीवर घडी घालून ठेवलेले दोन हात.

आत तिची मुलाखत चाललीय. या कॉलेजात नुसत्या बारावीच्या मार्कांवर प्रवेश देत नाहीत. मुलांशी बोलतात, त्यांनी काढलेली चित्रं बघतात आणि मग ठरवतात. हे कळलं तेव्हा किती बरं वाटलं होतं! तीन तासांच्या पेपरात मावणारी नाही माझी पोर, असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होते.

आता मात्र जीव टांगणीला लागलाय. मार्क कमी पडले तर पेपर अवघड होता म्हणता येतं, तपासणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता येतात. इथे ‘नको’ म्हणाले, तर ते थेट तिलाच नको म्हणाले!

शेजारी बसलेल्या बाई त्यांच्या मुलाला पढवतायत, “छंद विचारला तर वाचन सांग. मोबाइल म्हणू नकोस.” मला हसू आलं आणि लगेच विरलं.

पुन्हा काचेतून पाहिलं. हात अजून तसेच. हातवारे केल्याशिवाय हिला साधं शाळेतलं भांडणसुद्धा कधी सांगता आलं नाही. जेवताना बोलण्याच्या भरात कितीदा तरी पाण्याचा तांब्या लवंडलाय.

सकाळी तळहातावर दही-साखर ठेवताना मीच बजावलं होतं, “तिथे हात हलवू नकोस गं, बरं दिसत नाही.”

दार उघडलं. दोन्ही हात हवेत उडवत ती बाहेर आली आणि म्हणाली, “आई, अगदी तू सांगितलंस तश्शीच बसले होते!”