बाबांना सोडून निघाले तेव्हा

राजीनामा दिला तेव्हा बाबा अगदी धडधाकट होते. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मी इंजिनीअर होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मला मद्रासला एम.टेक.साठी प्रवेश मिळाला होता. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे हेंद्रेपाड्यातल्या घरात आम्ही दोघंच. शेजारीपाजारी पेढे बाबांनीच वाटले. नोटिशीचे दिवस संपत आले आणि त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं जड झालं.

कारखान्यातले साहेब भले होते. "राजीनामा मागे घ्या, मी वर बोलतो," म्हणाले. घरी बाबा मात्र एकेक शब्द जुळवत सांगत होते, "तू... जा. थांबलीस तर... मला जास्त त्रास." गावाहून आत्या आली होती, पण तिच्या वयाला त्यांना एकटीने उठवून बसवणं झेपेना. मी दोन्हीकडून तुटत होते.

एका संध्याकाळी कारखान्यातून परस्पर अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. माझी श्रद्धा फार होती असं नाही. जायचं ठिकाण दुसरं नव्हतं, इतकंच. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पिंडीसमोर बसले आणि म्हटलं, बाबांना बरं कर, नाहीतर मला इथेच थांबव. काहीच घडलं नाही. बाहेर येऊन बसले आणि रडू आवरेना.

जवळच एक वयस्क सिंधी बाई बसल्या होत्या. "क्या हुआ बेटी?" त्यांनी विचारलं. अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं.  मग म्हणाल्या, "मेरे पती को भी यही था. उठाना, बिठाना, खिलाना, सब आता है मुझे. घर दिखा."

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या गावातल्या सिंधी वसाहतीतून, कॅम्प चारहून, खरंच आल्या. बाबांच्या पाठीमागे हात घालून त्यांना अलगद बसवलं, पेज भरवली. मग रोजच येऊ लागल्या. आत्या त्यांना अम्मा म्हणू लागली, तशी मीही. बाबांनी डाव्या हाताने मला दाराकडे बोट दाखवलं, आणि मी मद्रासला गेले.

त्या हिवाळ्यात तार आली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आत्या म्हणाली, "शेवटी पाणी मागितलं त्याने. अम्मांनी पाजलं. त्यांच्याच मांडीवर गेला गं."

मी अम्मांच्या पाया पडले. विचारलं, "इतकं का केलंत आमच्यासाठी?" त्यांचे डोळे भरून आले. "उस दिन मंदिर में मैं भी भगवान से पूछने आई थी. मेरे वो चले गये, अब सुबह उठूँ तो किसके लिये?"

मी शिक्षण पुरं केलं. पुढे कॉलेजात शिकवू लागले. मागितलं ते देवाने दिलं नाही, ते दुःख अजून तसंच आहे. शेवटचं पाणी पाजायला बाबांजवळ माझा हात नव्हता. पण हात होता. तो कोणी पाठवला, हे मी आता विचारत नाही. नुसते हात जोडते.