पस्तीस टक्के कणी

कंपनीत त्यांना सगळे 'जीभ' म्हणत. "जीभ आली का? मग लॉट उघडा," असं गोदामातले हमाल त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्यांनाही त्यात वावगं वाटत नसे. परदेशी जाणाऱ्या तांदळाच्या प्रत्येक लॉटमधून मूठभर नमुना घ्यायचा, शिजवायचा आणि चाखायचा, हे त्यांचं काम. शितावरून भाताची परीक्षा ही बाकीच्यांसाठी म्हण होती. यांचं घर सव्वीस वर्षं तिच्यावर चाललं होतं.

त्यांची खोली गोदामाच्या वर होती. उत्तरेकडची खिडकी, चार शेगड्या, चार सारखी पातेली आणि एक काळी पाटी. शिजलेली दहा शितं पाटीवर टोकाला टोक लावून मांडायची, फूटपट्टी धरायची, मग एक घास पुढच्या दातांनी सावकाश चावायचा. चावून झालेला घास ते खिडकीजवळच्या वाडग्यात टाकत. गिळत कधीच नसत. "भरल्या पोटाची जीभ खोटं बोलते," असं त्यांच्या आधीच्या चाखणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं. नमुना घरी न्यायचा नाही, हा नियम मात्र त्यांचा स्वतःचा.

घरी दुकानातला जाडाभरडा तांदूळ शिजायचा. बायको वाढताना म्हणायची, "जगाला बोटभर लांब दाणा आणि घरच्यांना हे. एकदा तरी आणा हो तुमचा तो साहेबांचा तांदूळ."

"तो आपला नाही."

"मग कुणाचा? इथेच पिकतो ना?"

ते भात कालवू लागले.

मग एका सकाळी सरकारनं तांदूळ देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. देशातल्या माणसाच्या ताटात स्वस्त भात पडावा, म्हणून. बायकोनं बातमी दोनदा ऐकली आणि पिशवी घेऊन दुकान गाठलं. तिथे रांग होती. बंदी आली म्हणजे टंचाई असणार, या हिशेबानं जो तो पोतंच उचलत होता. आठवड्यात भाव उतरायचा सोडून चढला.

"अहो, बंदी घातलीय ना?" तिनं दुकानदाराला विचारलं.

"घातलीय की वहिनी. पण तांदूळ बाहेर जाण्यावर. भाव वर जाण्यावर नाही."

इकडे माडीवरच्या शेगड्या थंड पडल्या. लॉटच नाहीत, तर चाखायचं काय? अकरा दिवस ते पाटी पुसत बसले. निवृत्तीला चार वर्षं होती आणि या वयात नुसती जीभ घेऊन दुसरीकडे कुठे जाणार? बाराव्या दिवशी मॅनेजर जिना चढून आला, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात आवराआवर केलीसुद्धा होती.

"काका, रिकाम्या खोलीचा पगार मला फार दिवस देता येणार नाही," मॅनेजर म्हणाला. "पण एक काम आहे. खालचा तांदूळ आपण इथेच विकू. किलोकिलोची पाकिटं. वर छापायचं, निर्यात दर्जा. खाली कणीही पडून आहे, ती जरा मिसळायची."

"किती?"

"ते तुम्ही सांगायचं. खाणाऱ्याला कळणार नाही इतकी."

"मला दोन टक्केसुद्धा कळते."

"म्हणून तर तुमची जीभ इथे निकामी. एखादी साधी जीभ बघा. आकडा आणा, मी खोली चालू ठेवतो."

त्या संध्याकाळी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते कंपनीची पिशवी घेऊन घरी आले. दहा टक्के.

"फुटला एकदाचा पाझर!" बायको म्हणाली. "चोरून नाही ना आणलात?"

"नाही. कंपनीनंच दिलाय. बंदी आहे ना."

"बघा. सरकारला उगाच नावं ठेवतात लोक."

तिनं तो तांदूळ निवडला, दोनदा धुतला, मोजून पाणी घातलं. ती जेवली आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतकं निरखून त्यांनी तिच्याकडे लग्नानंतरच्या वर्षभरातही पाहिलं नसेल. ती लाजली. "असं काय बघताय? जेवा ना."

दोन दिवसांनी वीस टक्के. मग तीस. मग पस्तीस. प्रत्येक वेळी ती "वा" म्हणाली. चाळीसच्या दिवशी पहिल्या घासाला थांबली.

"आज गिचका झालाय," ती ओशाळून म्हणाली. "माझ्याच हातून पाणी जास्त पडलं."

"पडलं असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला आकडा दिला. पस्तीस. शेगड्या पुन्हा पेटल्या, घरी पिशव्या येणं बंद झालं. बायकोनं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

महिन्याभरात पाकिटं बाजारात आली. हिरवा कागद, सोनेरी अक्षरं, भाव साध्या तांदळाच्या दीडपट. एका रविवारी दुपारी ते जेवायला बसले, तर ताटात वाफाळता पांढरा ढीग आणि शेजारी ते हिरवं पाकीट, मुद्दाम दिसेल असं उभं केलेलं.

"शेवटचं होतं," ती म्हणाली. "एक बाई हात घालत होती, मी सोडलं नाही. म्हटलं, आमचे हे चाखतात हा तांदूळ, पहिला हक्क आमचा. खाऊन बघा. तुम्ही आणत होतात ना, अगदी तसाच आहे."

त्यांनी पुढच्या दातांनी सावकाश चावलं. चौतीस नाही, छत्तीस नाही.

"आणि पाणी बघा, आज वाटीनं मोजून घातलंय. मागच्या वेळी मीच घोळ केला होता. एवढ्या चांगल्या तांदळाची माती केली, तेव्हापासून मनाला लागून राहिलं होतं माझ्या." ती पुढे झुकली. "सांगा ना, कसा झालाय?"

सवयीनं त्यांचा हात उजवीकडे गेला. तिथे वाडगा नव्हता. त्यांनी घास गिळला.

"एक नंबर," ते म्हणाले.

"मग घ्या अजून."

त्यांनी ताट पुढे केलं.