माणूस उठून जातो, कुकी राहते

ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. लोक येतात, खुर्चीवर बसतात, काम करून उठतात आणि काहीतरी मागे ठेवून जातात. कुणाची छत्री राहते, कुणाचा चष्मा. आमचं दुकान ब्रह्मपुरीत, बस स्टँडच्या मागे. कॉम्प्युटर दोनच. पण त्यांच्यात जे मागे राहतं ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला कुकी म्हणतात. आपण एखादी साइट उघडली की ती आपल्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून जाते, पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून. बस, एवढंच. निदान सुरुवातीला मला तरी एवढंच वाटायचं.

* * *

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली पल्लवी एक दिवस आली आणि अर्धा तास कोर्ट मॅरेजची माहिती वाचत बसली. मुलगा दुसऱ्या जातीचा होता. घरी काहीच माहीत नव्हतं, हे तिनेच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील नामदेवभाऊ धानाचा भाव पाहायला आले आणि नेमके त्याच कॉम्प्युटरवर बसले. भावाचं पान उघडलं. मधोमध धान, आणि दोन्ही बाजूंना जाहिराती: विवाह नोंदणी, कोर्ट मॅरेजचे वकील, साक्षीदारांसहित सगळी सोय.

"हे काऊन दिसून राह्यलं, बाई?" त्यांनी विचारलं.

भाचीचं लग्न आहे, मीच बघत होते, असं काहीतरी मी बोलून गेले. त्यांनी मान हलवली, भाव लिहून घेतला आणि गेले. मी लगेच सेटिंगमध्ये जाऊन पल्लवीच्या मागे राहिलेल्या सगळ्या कुकी पुसून टाकल्या.

पल्लवीचं लग्न झालं. वर्षभर बाप-लेकीचं बोलणं बंद होतं, मग सुरू झालं. आता परवा नामदेवभाऊ नातीच्या जन्मदाखल्यातलं नाव दुरुस्त करायला आले होते. जाताना दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "मले त्याच दिवशी समजलं होतं. तुम्हाले भाची नाई, बाई."

* * *

कोडापेभाऊ वनरक्षक होते. सगळी नोकरी जिवतीकडच्या डोंगरात गेली, आता रिटायर होऊन इथे एकटेच राहतात. हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. काम झाल्यावर म्हणाले, पाऊस कधी आहे ते जरा दाखवा.

हवामानाचं पान उघडलं आणि कुकी ठेवू का विचारणारी नेहमीची चौकट वर आली. माझं बोट सवयीने 'सर्व मान्य' कडे गेलं. त्यांनी हात आडवा घातला. काय मान्य, ते आधी सांगा म्हणाले.

मग मी 'सेटिंग बदला' उघडलं. एकेक बटण बंद करत गेले. साइट चालायला लागतात तेवढ्याच कुकी राहू दिल्या, जाहिरातींच्या बंद केल्या. खाली 'आमचे भागीदार' अशी यादी होती. भाऊंनी स्क्रीनवर बोट ठेवून ती वाचायला घेतली. एक कंपनी, दुसरी कंपनी, तिसरी. मी पान खाली सरकवत होते आणि यादी काही संपत नव्हती. त्यांचा चहा गार झाला. शेवटी त्यांनी बोट उचललं.

"दोन वर्षांत माह्या घरी कोणी आलं नाई," ते म्हणाले, "आणि इतकी माणसं माही वाट पाहून राह्यली?"

पावसाचं न पाहताच उठून गेले. तेव्हापासून आमच्या दुकानात कुणालाही न विचारता 'सर्व मान्य' दाबत नाही.

* * *

अहेरीकडची सुनीता नर्सिंगचा फॉर्म भरायला मैत्रिणीबरोबर आली होती. फॉर्म भरला, प्रिंट घेतली, दोघी गेल्या. लॉगआउट करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, माझ्याही नाही.

चार दिवसांनी ती रडतच आली, मैत्रीण सोबत होती. तिचा अर्ज मागे घेतल्याचा मेसेज आला होता. तिने तर काहीच केलं नव्हतं! मग मला उमगलं. कुकीमुळे तिचं खातं उघडंच राहिलं होतं आणि नंतर बसलेल्या कुणीतरी अर्ज मागे घ्यायचं बटण दाबलं होतं. चूक माझीही होती. त्या दिवशी मी दुसरं सगळं काम बाजूला ठेवलं. मुदत संपायला एकच दिवस होता. नवा अर्ज संध्याकाळपर्यंत गेला एकदाचा.

मध्येच तिने विचारलं, माझ्यानंतर या खुर्चीवर कोण बसलं होतं? मी रजिस्टर काढलं. तिच्या नावाखाली, वीस मिनिटांनंतरची सही होती. म्हणजे सही करणारी त्या दिवशी एकटीच परत आली होती. मी रजिस्टर मिटलं आणि सही वाचता येत नाही म्हणाले. कारण जिची सही होती, ती सुनीताच्या मागे उभी राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

* * *

त्यानंतर नियम केला. प्रत्येक गिऱ्हाइकाला खाजगी विंडो उघडून द्यायची, काम झालं की लॉगआउट, आणि दुकान बंद करताना कुकी साफ. दुकानातले माझे पार्टनर प्रभाकरभाऊ उत्साहाने घरचाही कॉम्प्युटर साफ करून आले. दुसऱ्या दिवशी येऊन सांगू लागले. बँक विचारते तुम्ही कोण, ईमेल विचारतो तुम्ही कोण, हवामानवाले विचारतात गाव कोणतं.

"एका बटणात मी कोणीच नाई राह्यलो," म्हणाले.

* * *

आणि हे गेल्या वर्षीचं. वैनगंगेकाठच्या गावातले शेतकरी, तुळशीरामभाऊ. त्यांची बायको शकुंतलाबाई तापाने गेल्या, त्याला सहा महिने झाले होते. मुलीने दिलेला जुना लॅपटॉप घेऊन आले, फार हळू चालतो म्हणाले.

मी कुकी पुसणार, तेवढ्यात खरेदीची एक साइट उघडली. तुमच्या टोपलीत तीन वस्तू आहेत. छोटा मिक्सर, घडीची छत्री, जांभळ्या काठाची साडी. भाऊंनी सांगितलं, शकुंतलाबाई रोज दुपारी पाहायच्या आणि ठेवून द्यायच्या, घ्यायच्या कधीच नाहीत. खातंसुद्धा उघडलेलं नव्हतं. म्हणजे ती टोपली फक्त त्या लॅपटॉपमधल्या कुकीला ठाऊक होती. पुसली तर गेली, हे मी त्यांना सांगितलं.

"मंग राहू द्या," ते म्हणाले. मी बाकीच्या साइटच्या कुकी निवडून पुसल्या, तेवढी एक ठेवली. भाऊंनी लॅपटॉप बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून नेला. बाई गेल्यावर घरचं नेट बंद केलं होतं. त्यांनी तो कपाटात ठेवून दिला.

दिवाळी झाल्यावर परत आले. एकदा टोपली पाहायची आहे म्हणाले. मी आमचं नेट जोडलं आणि साइट उघडली.

टोपलीत चार वस्तू होत्या.

मी पान बंद करून पुन्हा उघडलं. चारच. कुणी लॅपटॉप काढला होता का, विचारलं. कपाटाची किल्ली करदोट्याला असते म्हणाले. मुलीला पुण्याला फोन लावला. आईची टोपली तिला माहीतच नव्हती.

चौथी वस्तू पुरुषांचं स्वेटर होतं. मरून रंगाचं, माप बेचाळीस.

मी भाऊंना त्यांचं माप विचारलं.

"मले माहीत नाई, बाई," ते म्हणाले. "माहे कपडे तीच आणे."