हातोड्याचा शिक्का पडलेला मोह

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या एका गावात जंगल कामगारांची सोसायटी होती. वनखात्याने हातोड्याने शिक्का मारलेली झाडं सोसायटी तोडत असे. सगळी पाडल्याशिवाय पुढचं काम मिळत नसे. मी बातमीसाठी गेलो, तेव्हा एकच झाड उरलं होतं, मोहाचं. जंगल सरकारचं असलं तरी तिथला प्रत्येक मोह एकेका घराचा मानला जाई. दुसऱ्याच्या मोहाला कोणी कुऱ्हाड लावत नसे. हा मोह एका म्हाताऱ्याचा होता. त्याची वाळवलेली फुलं त्याच्या घराला पावसाळाभर खायला पुरत.

"आबा, जंगल सरकारचं आहे," वनखात्याचा गार्ड म्हणाला.

"मंग फुलं येचाले सरकार येस का?" झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं.

मजूर हसले. पण कुऱ्हाड कोणी उचलली नाही. शेवटी सोसायटीचा चेअरमन त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"आबा, बठ्ठा गावनं काम अडकेल शे."

म्हातारा उठला आणि त्याने स्वतःच झाड पाडलं.

चैत्रात मी पुन्हा गेलो. फुलं वेचता यावीत म्हणून लोकांनी आपापल्या मोहाखालची जमीन झाडून ठेवली होती. म्हाताऱ्याच्या घराला बाहेरून कडी होती. घरातली सगळी माणसं गुजरातेत मजुरीला गेली होती.