तेहेतीस कपाटांची तिरकी रेघ

माझी धाकटी जाऊ मुलांपायी नऊ वर्षं घरात होती. मग रस्ट नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून तिने नकाशांच्या दफ्तरात तीन महिन्यांच्या बोलीवर काम मिळवलं. स्कॅन केलेले सगळे जुने नकाशे आपापल्या फोल्डरसकट नव्या डिस्कवर हलवायचे. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा घर.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी साहेबांचा फोन आला. जाऊ जेवणाच्या टेबलाशी, अंबाडा सुटलेला, फोन स्पीकरवर. मी शेजारी मटार सोलत होते.

"मॅडम, तेहेतीस नकाशे नव्या डिस्कवर नाहीत आणि तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, सगळे पोचले. दोनपर्यंत बघा. नाहीतर तुमच्याआधी हे काम बघणाऱ्या माणसाला परत बोलावतो."

"आता यंत्रंही थापा मारायला लागली," सासूबाई म्हणाल्या.

"थापा नाहीत, आई. पोचलेत ते. कुठे, एवढंच कळायचंय."

घरात किल्ली हरवली तरी ती खण उपसत नाही. उभी राहून विचार करते. तशीच ती साहेबांनी पाठवलेल्या तेहेतीस नावांकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, दफ्तरात कपाटं किती आहेत माहितीये? तेहेतीस."

प्रत्येक कपाटातला पहिलाच नकाशा गेला होता. प्रोग्रॅम ज्या यादीवरून नकाशे हलवत होता, ती टाइप केली होती निवृत्त दफ्तरदारांनी, आणि नवं कपाट सुरू झालं की पहिल्या ओळीआधी एक तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, टाकायची त्यांची सवय. माणसाला ती खूण वाटते. रस्टमध्ये मात्र फाइलच्या पत्त्याला पुढचा तुकडा जोडताना तो तिरक्या रेघेने सुरू झाला, तर तोच अगदी वरपासूनचा पूर्ण पत्ता ठरतो. मागचं सगळं गळून पडतं आणि कोणी तक्रारही करत नाही.

"म्हणजे सुनेने आल्या आल्या सासरचं नावच पुसलं," सासूबाई म्हणाल्या.

"पुसलं खरं. पण ती कुठे जाऊन बसलीय, ते आता कळलं."

तिने सर्व्हरचा सगळ्यात वरचा फोल्डर उघडला. नव्या डिस्कच्या बाहेर, तेहेतीसही नकाशे तिथे निवांत पडले होते. तिने जोडण्याआधी ती रेघ काढून टाकणारी ओळ लिहिली, प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि साहेबांना फोन करून म्हणाली, "आता तुम्हीच मोजा."

साहेबांनी दोनदा मोजले. एकही कमी नव्हता.

"मॅडम, त्या माणसाला आता बोलवत नाही. तुम्ही कायमच्या ओळखपत्रासाठी फोटो पाठवा."

जाऊने तिथेच मोबाइल समोर धरला. सासूबाईंनी तो काढून घेतला आणि कंगवा हातात दिला. "आधी केस विंचर. कायमचं आहे ते."