करदोडा कुणाच्या कंबरेला

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टर उडवणाऱ्यांपैकी आहे. आम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर होत्या. घरात देवच नाहीत तर भुतं कुठून येणार, असं मी मित्रांना ऐकवायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहितो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. जळगावात एका खासगी सेंटरमध्ये मी सीटी स्कॅनचा टेक्निशियन होतो. बाहेर रस्ता भाजत असायचा आणि आत मशीनसाठी एसी — मी मे महिन्यात स्वेटर घालायचो. अशाच एका दुपारी पारोळ्याकडच्या गावातून नानांना जीपमध्ये आणलं. साठीचा धिप्पाड माणूस, पोटदुखीने नुसता तळमळत होता. आणि पोट दाबून बघावं तर मऊ. आमच्या डॉक्टरांना तिथेच शंका आली, की आतड्याला रक्त नेणारी नस बंद झाली असावी. तसं असेल तर आतडं तासातासाने मरत जातं. पण नानांचं हृदय कमजोर. नक्की कळल्याशिवाय सर्जन पोट उघडायला धजत नव्हते.

नानांच्या कंबरेला चांदीचा करदोडा होता. धातू असला की चित्रावर पांढरे फटकारे उठतात, म्हणून मी तो काढून त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या हातात दिला.

“जित्ता मानूसनी कंबर उघडी ठेवतस नही, भाऊ,” अक्का म्हणाल्या. मी हसून दार लावलं.

पहिली चित्रं आली... नाभीजवळ आडवे पांढरे फटकारे. डॉक्टर माझ्यावर खेकसले, “करदोडा काढला नाहीस?” मी आत जाऊन चाचपलं. कंबर मोकळी. चादरीत काही नाही, टेबलावर काही नाही. पुन्हा स्कॅन घेतला. फटकारे होतेच — पण आता चार बोटं खाली सरकलेले.

मशीन बिघडलं म्हणून वैतागून मी बाहेर आलो. अक्का बाकावर बसल्या होत्या. करदोडा दोन्ही हातांनी ताणून त्यांनी स्वतःच्या पोटावर आडवा धरला होता.

“अक्का, मघापासून हा इथेच धरलाय का?”

“वर व्हता. हात दुखी ऊना, म्हनीसन जराखा खाले धरा.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी म्हणालो, “जरा बाजूला ठेवा. तुमच्या भावाचं पोट दिसत नाहीये.”

“मी सोडसू तं जाई तो.” अगदी शांतपणे म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत, “कोनी कंबरले बांधू?”

नानांचा मुलगा रक्ताची सोय करायला गेला होता. दुसरं कुणी नव्हतं. मी शर्ट वर केला. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. करदोडा माझ्या कंबरेला बांधला. म्हातारीचं समाधान, दुसरं काय, असं मी मनाला सांगितलं.

आत येऊन नानांना नेहमीचं वाक्य ऐकवलं, “आता सुईतून औषध जाईल. अंगभर गरम वाटेल, घाबरू नका.” डॉक्टरांनी औषध सोडलं. मी काचेच्या अलीकडे बसून बटण दाबलं.

घशातून एक गरम लाट खाली उतरली... माझ्या. छाती, पोट — आणि नाभीच्या डावीकडे येऊन ती थांबली. तिथे तळहाताएवढी जागा गार राहिली, ओला फडका ठेवल्यासारखी. मी खुर्ची घट्ट धरली. समोर पडद्यावर चित्रं उमटत होती, एकही फटकारा नाही. आतडी औषधाने उजळत गेली. नाभीच्या डावीकडचा एक वेढा तेवढा काळपट राहिला, तिथे रक्त पोचत नव्हतं.

मुलगा परतल्यावर अक्कांनी करदोडा माझ्या कंबरेचा सोडून त्याच्या कंबरेला बांधला. संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं, मेलेला तुकडा काढला, नाना वाचले. मला इतकं हायसं वाटलं की घरी जाऊन रडलो.

पुढे मशीनचा इंजिनिअर येऊन तपासून गेला, त्याला काही दोष सापडला नाही. माझी ती लाट म्हणजे ताण असणार, असं मी ठरवून टाकलं. टाके काढल्यावर नाना भेटायला आले, करदोडा पुन्हा त्यांच्या कंबरेला. मी सहज विचारलं, सुईच्या वेळी फार त्रास झाला का?

“तुम्ही सांगेल व्हतं, आंगभर गरम लागी,” नाना म्हणाले. “माले तं काहीच लागनं नही, भाऊ.”

होतं असं कधी कधी, म्हणून मी त्यांना चहा दिला. मग ते गरम मला का लागलं, हे मला आजही माहीत नाही.