वीरगळाशेजारी आई

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय मी काही लिहिलेलं नाही. आपण लिहावं की नाही, हेही मला नीट कळत नाही. पण वेळापूरच्या त्या दिवसाची चिडचिड सांगितल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

नाताळची सुट्टी होती. आमचे सर उन्हाळ्यात जुन्या शिळांच्या नोंदी करायला शिबिर नेणार होते आणि वर्गातली मोजकीच मुलं घेणार होते. त्यासाठी एका वीरगळाचा, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या स्मारकशिळेचा, स्वतः काढलेला फोटो त्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. दगड केवढा आहे, ते फोटोवरून कळलं पाहिजे, अशी अट होती. मला ते शिबिर फार हवं होतं. वेळापूरच्या जुन्या देवळापाशी वीरगळ आहेत, म्हणून मी एसटीने एकटाच जाणार होतो. पण घरात बोलून बसलो.

"देवाला चाललायस आन् एकटाच व्हय?" आत्या म्हणाली.

झालं. वडील वडापची, म्हणजे गावोगावची सीटं भरून न्यायची, जीप चालवतात, ती निघाली. आई, आत्या, धाकटी बहीण, भाकरीची चवड, शेंगाचटणीचा डबा. बहिणीच्या डोक्यावर शाळेतल्या नाताळात मिळालेली लाल टोपी. ती तिने दिवसभर काढली नाही.

मोहोळला चहा झाला. पंढरपूरला परत चहा झाला. पुढे रस्त्याकडेला वांगी दिसली म्हणून आत्या उतरली, आणि भाव पटला नाही म्हणून तशीच परत आली. पोचेपर्यंत उन्हं कलली. दर्शन झाल्यावर मी वीरगळांकडे निघालो, तर वडील म्हणाले, "आदी जेवू की. दगूड कुटं पळून चाललाय?"

जेवण झाल्यावर आत्याने माझ्या फोनवर नंदीपुढे, पायरीवर, खांबाला टेकून फोटो काढून घेतले. प्रत्येक फोटोत लाल टोपी. बॅटरी संपत आली. एकदाचा वीरगळापुढे उभा राहिलो, तर मापासाठी आणलेली फूटपट्टी पिशवीत नाही. वडील जीपची हवा बघायला गावात गेले होते. त्यांना फोन लावला.

"ती व्हय? खिडकीची काच लई खडखडत हुती, तितं खुपसलीय."

मी फोन ठेवला. वळून बघतो तर आईने शिळेला हळदकुंकू लावलेलं आणि ती शेजारीच उभी.

"आई, बाजूला हो. लवकर."

"व्हते की. कुणाचं तरी लेकरूच असंल रं ह्ये." तिने शिळेवर हात ठेवला. "हितं एकलंच उबं हाय."

"आई, बॅटरी चाललीय!"

"मग काड की! मी काय आडवी आलीया?"

आडवी नव्हती, शेजारी होती. काढला. दुसरा काढायच्या आत फोन बंद पडला. वडील जीप घेऊन आले तोवर उजेड गेला होता. जीपमध्ये चार्जिंगला लावून तोच फोटो पाठवला आणि खिडकीतल्या फूटपट्टीकडे बघत बसलो. "सायेब फुगल्यात," आत्या म्हणाली. सगळे हसले. आईसुद्धा.

घरी आलो तर सरांचा निरोप होता. फोटोतल्या बाई कोण? त्यांची उंची मोजून कळव.

सर चेष्टा करतायत, असंच मला वाटलं. तरी आईला दाराच्या चौकटीशी उभं केलं.

"बगायला आलते तवाबी कुणी उंची इचारली न्हाय," आई म्हणाली.

"वैनी, टाचा उचलू नगा," शिलाईची टेप धरून आत्या ओरडली. मी आकडा पाठवला, आई आहे हेही लिहिलं. उत्तर आलं नाही. शिबिर गेलं, असं धरून मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो.

सुट्टी संपत आली तेव्हा उत्तर आलं. सरांनी लिहिलं होतं, "मापासाठी आईंना उभं केलंस, बरं झालं. वीरगळ त्यांच्या खांद्याएवढा भरतो. शिबिराला तुझं नाव घेतलं आहे."